मागच्या खोलीची कडी

बारामती,
६ नोव्हेंबर २०२५

आत्या,

तुझ्याशी बोलावं म्हणून ताईच्या मोबाइलवर बऱ्याचदा फोन केला. आधी ती म्हणाली, आई देवळात गेलीय. मग म्हणाली, झोपलीय. शेवटी तिनं खरं काय ते सांगितलं, "राजी, बारामतीचं नाव काढलं की आई उठून आत जाते." म्हणून पत्र लिहिते आहे. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचणारी बाई तू. हेही वाचशील.

आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. भाऊबीजेनंतर दोनच दिवसांनी. सकाळी दाढी करताना हातातून ब्रश पडला, तो उचलायला वाकले ते तसेच खाली बसले. उजवी बाजू गेलीय, जीभ जड झालीय. इथल्याच दवाखान्यात ठेवलंय. जिवावरचा धोका टळला असं डॉक्टर म्हणतात, पण पुढचं काही सांगत नाहीत.

पहिले काही दिवस ते एकच शब्द बोलत होते. कडी. कुणाला काही कळेना. शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या, "अगं, कढी मागतायत ते." आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून गरम कढी घेऊन आल्या. मी चमच्यानं भरवायला गेले तर आप्पांनी डाव्या हातानं वाटी उडवली. माझ्या अंगावर, चादरीवर, सगळीकडं कढी. आणि मग रडायला लागले. आप्पांना मी स्वरदा गेली त्या वेळीसुद्धा इतकं रडताना पाहिलं नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, "अंथुर्ण्याची कडी?" त्यांनी मान हलवली.

आत्या, हे नाव काढलेलं तुला सोसणार नाही, माहीत आहे. तरी उठून आत जाऊ नकोस.

आपल्या नात्यात कुणाचंही लग्न ठरायचं झालं, की पत्रिकेच्याही आधी तुला गाडीत घालून मुलाचं घर बघायला न्यायचे. पुरुषमंडळी हॉलमध्ये बसून ऊस किती, पाणी कुठलं याची चौकशी करायची. तू "जरा हात धुते" म्हणून आत जायचीस. मी आणि स्वरदा, आम्ही दोघी बहिणी, लहानपणी तुझ्या मागं मागं असायचो, त्यामुळं तू काय काय बघतेस ते आम्हाला पाठ झालं होतं. स्वयंपाकघरात बाईला टेकायला काही आहे का. म्हाताऱ्या माणसाची खाट माणसांत आहे का गुरांजवळ. पाणी मागितलं की हाक कुणाला जाते, आणि ती नावानं जाते का नुसती "ए" अशी. परत येताना एसटीच्या खिडकीतून आम्ही दोघी तोच खेळ खेळायचो. "ह्या घरातला माणूस गावात राहत नाही," स्वरदा सांगायची, "बघ ना, रंग फक्त रस्त्याकडच्या भिंतीला आहे." तू पुढच्या सीटवर हसायचीस.

आणि मग तिच्याच लग्नाची वेळ आली. अंथुर्ण्याचं स्थळ. नवा बंगला, ऋषिराज शिकलेला, शेती स्वतः बघणारा. तू घर बघून आलीस. चहाला हात लावला नाहीस. आप्पांनी विचारल्यावर म्हणालीस, "वसंता, हितं पोरगी देऊ नको. मागच्या खोलीला बाहेरनं कडी हाय."

आप्पा हसले. "आक्का, दाणागोटा ठेवत असतील त्या खोलीत."

"दाण्याला उशी लागत न्हाय," तू म्हणालीस. "खिडकीतनं बघितलं मी. आन् कडी हात लागून लागून पांढरी पडलीय. कुणाला तरी रोज कोंडत्यात तितं."

लग्न झालं. स्वरदाला मुलगा आवडला होता आणि आप्पांना बंगला. पहिल्या पंचमीला मी आणि आप्पा तिला आणायला गेलो, तेव्हा आप्पा मुद्दाम मागं जाऊन आले. दाराला कडी नव्हतीच. गाडीत बसल्यावर मोठ्यानं म्हणाले, "आक्काला आता दिसायचं कमी झालंय."

दोन वर्षांनी स्वरदा गेली. रस्ता ओलांडताना उसाच्या ट्रॅक्टरखाली. सावडून आल्यावर भरल्या घरात आप्पा तुला म्हणाले, "तुझ्या अभद्र तोंडानं माझी लेक खाल्ली. झालं समाधान?" तू पिशवी उचललीस. मी तुझ्यामागं स्टँडपर्यंत आले. गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभी होते. तू समोर बघत राहिलीस.

आता त्यांना जाणून घ्यायचंय. कडी होती का नव्हती? होती, तर कशासाठी? तुटक तुटक बोलून त्यांनी मला एवढं समजावलं: जाऊन विचारून ये.

मला जायची भीती वाटते. कडी खरी निघाली, तर आप्पांनी जाणूनबुजून लेक तिथं लोटली असं होईल. खोटी निघाली, तर तुमच्या अबोल्याची ही सात वर्षं फुकट गेली. या दोन्हींतलं काहीही त्यांना त्या खाटेवर कसं सांगू?

तू ये. नाहीतर निदान सांग, जाऊ का नको.

राजी

*

बारामती,
१९ नोव्हेंबर २०२५

आत्या,

तुझं उत्तर आलं नाही. मी जाऊन आले.

आप्पांना घरी आणलंय. दिवसा एक बाई येते, संध्याकाळी शाळेतून आले की मी असते. रविवारी त्या बाईला थांबवून घेतलं आणि एसटीनं अंथुर्ण्याला गेले. भवानीनगरच्या पुढं रस्त्यावर उसाच्या गाड्या सुरू झाल्यात. सगळा वेळ मी आतल्या बाजूला बघत बसले होते.

फाटकाशी गेल्यावर तुझ्या डोळ्यांनी घर बघायचं ठरवलं. रंग जुना झालाय, पण ओटा सारवल्यासारखा स्वच्छ. दाराशी लहान मुलाची सायकल. दार उघडलं ते ऋषिराजच्या बायकोनं. सुप्रिया तिचं नाव. त्यानं दुसरं लग्न केल्याचं आपल्या कानावर आलं होतंच. मी कोण ते सांगितल्यावर ती क्षणभर थबकली, मग वाकून नमस्कार करायला लागली. तिच्या नजरेत मी तिची बहीण, का कोण, मला कळेना. कदाचित तिलाही कळलं नसेल.

हॉलमध्ये देवांचे फोटो होते, ऋषिराजच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता, नव्या लग्नाचा मोठा फोटो होता. स्वरदाचा नव्हता. चारही भिंती पाहिल्या. मनात म्हटलं, पुसून टाकली हिला. आणि खरं सांगते, बरं वाटलं. राग धरायला जागा मिळाली.

तेवढ्यात इंदिराबाई आतून आल्या. स्वरदाच्या सासूबाई. केवढ्या वाळल्यात. मला बघून जवळ येऊन माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "राजलक्ष्मी ना गं तू? आवाज तिच्यासारखाच हाय." मी तर अजून बोललेही नव्हते. दाराशी सुप्रियाशी बोलले ते त्यांनी आतून ऐकलं असणार.

चहा झाला. आप्पांचं सांगितलं. मग आडपडदा न ठेवता विचारलं, "काकू, लग्नाआधी तुमच्या मागच्या खोलीला बाहेरून कडी होती का?"

त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "व्हय. हुती. ऊठ, दावते."

मागच्या खोलीच्या दाराला आता कडी नाही. चौकटीत स्क्रूची भोकं आहेत, लांबी भरून रंग दिलाय, पण हात फिरवला की लागतात. आत एक खाट, उशाला खिडकी. आणि खाटेवर पडल्यावर समोर दिसेल अशा जागी भिंतीवर स्वरदाचा फोटो. मोठा. ताजा हार. सुप्रिया माझ्या मागं उभी होती, म्हणाली, "रोज मीच घालते ताई. आजोबा होते तोपर्यंत इथून हलवू द्यायचे नाहीत. मग नंतर आम्हालाच हलवावंसं वाटलं नाही."

घर बघण्यात मी तुझी शिष्या नाही हे तेव्हाच कळलं.

कडी तात्याबांसाठी होती. इंदिराबाईंचे सासरे. आपण त्यांना पाहिलंय, पांढरी टोपी घालून ओट्यावर बसायचे, विचारलं की "बरं हाय" म्हणायचे. वयानं विसरतात एवढंच आपल्याला वाटलं होतं. खरं म्हणजे त्यांचं सगळंच हरवलं होतं. घर कुठलं, माणसं कोण, काही कळायचं नाही. दार उघडं दिसलं की चालायला लागायचे. एकदा उसात सापडले, अंगभर पाचटानं कापलेले. एकदा कालव्याच्या कडेला. घरातली सगळी शेतात गेली की त्यांना खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायचे.

इंदिराबाई म्हणाल्या, "तुमची आत्या आली त्या दिशी त्यास्नी माझ्या भावाकडं धाडलं हुतं. म्हाताऱ्याला कोंडत्यात म्हणून सोयरीक मोडंल, ही भीती. लोकं आत येऊन बघत न्हाईत गं. कडी बघत्यात आन् जात्यात."

आणि आत्या, ती कडी काढली स्वरदानं. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. स्वतः पाना-पक्कड घेऊन बसली. म्हणाली, "आजोबांना मी बघते." रोज संध्याकाळी त्यांचा हात धरून कालव्यापर्यंत फिरवून आणायची. त्यांना ती आक्काबाई वाटायची, त्यांची लहानपणी वारलेली बहीण. आणि हीसुद्धा "काय रे तात्या" म्हणून ओ द्यायची. घरात सगळे हसायचे. माहेरी मात्र कळू द्यायचं नाही, असं तिनंच सगळ्यांना बजावलं होतं. आप्पा उगाच काळजी करतील म्हणून.

म्हणजे कडी होती. तू बघितलंस ते खरं होतं. आणि त्या घरात ती सुखात होती, हेही खरं.

घरी येऊन आप्पांना एवढं सगळं सांगितलं. ते छताकडं बघत ऐकत होते. डाव्या हातानं माझं बोट धरलं आणि म्हणाले, "आक्का... खरं... बोलली." मग दुसऱ्या कुशीवर वळव अशी खूण केली.

बाकी सगळं ठीक. परत यायला उशीर झाला नाही.

राजी

*

बारामती,
३० नोव्हेंबर २०२५

आत्या,

काल ताईचा फोन आला. म्हणाली, "आईनं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. आणि म्हणाली, राजीला सांग, तू अर्धंच लिहिलंयस." एवढाच निरोप. सात वर्षांनी तुझ्याकडून आलेला पहिला शब्द, तो हा.

खरं आहे. अर्धंच लिहिलं. उरलेलं तुला न सांगता माझ्याजवळच ठेवावं असं ठरवलं होतं. ठेवता आलं असतं की नाही माहीत नाही. शाळेत फळ्याकडं तोंड केलं की तेच आठवतं.

आम्ही मागच्या खोलीतच बसलो होतो. सुप्रिया मुलाला जेवायला घालायला आत गेली. मी निघायचं म्हणून उठले तर इंदिराबाईंनी पदर धरावा तसा माझ्या ओढणीचा काठ धरला. म्हणाल्या, "बस. आज सांगितलं न्हाय तर मी मरताना बी सांगणार न्हाय."

आपल्याला सांगितलं होतं की ती दुकानातून साखर आणायला निघाली होती. ते खोटं आहे.

संध्याकाळची वेळ होती. इंदिराबाई गोठ्यात धार काढत होत्या, ऋषिराज उसाची तोड चालू होती तिथं. स्वरदा कणीक मळत होती. तात्याबा ओट्यावरून उठले आणि फाटकातून बाहेर पडले. तिच्या लक्षात आलं तोवर ते डांबरी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे होते. समोरून दोन ट्रेलर जोडलेला, वर शिगोशिग ऊस भरलेला ट्रॅक्टर. ड्रायव्हरनं ब्रेक लावले, पण तेवढं वजन कुठं जागच्या जागी थांबतं? ही पळत गेली आणि म्हाताऱ्याला ढकललं. ते रस्त्याकडेच्या चारीत पडले, कोपर तेवढं खरचटलं. ही...

इंदिराबाई म्हणाल्या, "तिच्या हाताला कणीक तशीच हुती गं. मी आंघुळ घातली तवा बोटं सोडवून सोडवून काढली."

 त्या सांगत राहिल्या. म्हणाल्या, "तुमच्यापासनं लपवलं ते ह्याच्यासाठी. आमी कडी लावत हुतो हे सांगायची लाज. आन् तिनं कडी काढली म्हणून ती गेली, असं सांगितलं आस्तं तर तुमी म्हणला आस्ता, हिनंच मरण वडवून घेतलं. तिला दोष लागू द्यायचा नव्हता मला."

मी विचारलं, "मग पुढं आजोबांना पुन्हा कोंडलंत?"

"न्हाय. ऋषिराजनं कडी आणली हुती बसवायला. मी म्हणलं, तिनं काढलीय, आता ती ह्या दाराला लागायची न्हाय. मग एक माणूस घरी राहायचं. कधी मी, कधी त्यो. नंतर सुप्रिया. वरीसभर म्हातारा जगला. दिस मावळला की फाटकाकडं बघायचा, आक्काबाई कुठं गेली म्हणायचा. आमी म्हणायचो, येतीय."

हे इतकंच असतं, तर मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं असतं. जे लिहिता येत नव्हतं ते पुढं आहे.

कडी काढायला बसली, तेव्हा इंदिराबाईंनी तिला विचारलं होतं, "का गं, तुला काय एवढी नडतीय ती?" तर स्वरदा हसून म्हणाली, "आमच्या आत्याला ही कडी आवडली नव्हती. तिला एकदा इथं मुक्कामाला आणायचंय मला. त्याच्या आत काढून ठेवते."

आत्या, तिनं तुझं ऐकलं नाही असं आपल्या सगळ्यांना वाटलं होतं. तिनं ऐकलं होतं. तिच्या पद्धतीनं.

हे वाचून तू काय करशील ते मला कळत नाही. तू स्वतःला दोष देशील अशी धास्ती वाटते. देऊ नकोस. मला जे दिसतं ते एवढंच: तू म्हणालीस कोंडू नये, आणि तिनं कोंडलेल्या माणसाला मोकळं केलं. त्यापुढचं कुणाच्याच हातात नव्हतं. हे मी रोज स्वतःला सांगते. पटतं, आणि पुन्हा नाही पटत.

आप्पांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते तुझी वाट बघतायत. दाराची बेल वाजली की डोळे तिकडं जातात. त्यांना सांगायचं की नाही, हे मी तुझ्यावर सोडते. तू नको म्हणालीस तर माझ्या तोंडून ते कधी निघणार नाही.

राजी

*

बारामती,
९ डिसेंबर २०२५

आत्या,

टाकलेलं पत्र पेटीतून परत काढता येत नाही. लिहायला नको होतं असं सारखं वाटतंय. ताई फोन उचलत नाही. तू बरी आहेस एवढंच कुणाकडून तरी कळव. दुसरं काही नको.

राजी

*

बारामती,
११ जानेवारी २०२६

आत्या,

आप्पांच्या दहाव्याला तू होतीस, पण घर माणसांनी भरलेलं. तुला बाजूला घेऊन बोलायचं राहून गेलं. तू गेल्यावर घर इतकं शांत झालंय की शाळेतून यायला नको वाटतं. म्हणून आज बसून लिहिते.

डिसेंबरात तू आलीस तो दिवस. शाळा सुटल्यावर जिना चढले तर दाराशी तुझ्या चपला. बंद पट्ट्याच्या, टाचेला झिजलेल्या. मी तिथंच थांबले. तुला माहीत नाही, पण मी बराच वेळ दाराबाहेर उभी होते. दार लोटलेलं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. चोरून ऐकणं बरोबर नाही. पण त्या वेळी आत पाऊल टाकणं त्याहून वाईट झालं असतं.

आप्पा शब्द जुळवत होते. "आक्का... मी... बोललो... तुला..."

तू म्हणालीस, "बोललास. आयकलं मी. सात वर्सं रोज आयकलं."



नंतर तू त्यांना सगळं सांगितलंस. कणीक, फाटक, ट्रॅक्टर. काही गाळलं नाहीस, स्वरदा तुझ्यासाठी कडी काढायला बसली हेसुद्धा. मी जे आठवडे आठवडे जिभेवर आणू शकले नाही, ते तू शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तसं सांगितलंस. आवाज एकदाच अडखळला, "तिला मला मुक्कामाला न्यायचं हुतं" म्हणताना.

आप्पांच्या घशातून जो आवाज आला, तो मी विसरणार नाही. आणि त्यावर तू, "रडू नको वसंता. श्वास कोंडंल. हिकडं बघ. पोरगी दुसऱ्याचा जीव वाचवायला धावली. चांगल्या घरात पडली हुती ती. तू घर चांगलंच बघितलं हुतंस."

"तू..." आप्पा म्हणाले, "तू पण..."

"मी बी बघितलं. खोटं न्हाय बघितलं. पुरतं न्हाय बघितलं."

तेव्हा मी आत आले. तू आप्पांचं तोंड पदरानं पुसत होतीस, लहान मुलाचं पुसावं तसं खसाखसा, आणि ते पुसू देत होते. मला बघून म्हणालीस, "उभी काय राहिलीस? चहा टाक." सात वर्षांनी भेटल्यावर एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

तू राहिलीस ते दिवस आप्पा तुझ्या हातून नीट जेवले. नाताळच्या सुट्टीत तू म्हणालीस, "चार लुगडी घेऊन येते, मग हितंच राहते." आप्पांनी मान हलवली. मी तुला स्टँडवर सोडलं. या वेळी तू खिडकीतून हात बाहेर काढलास.

आता जे सांगायचं राहिलं होतं ते सांगते.

तू सोलापूरला ताईकडं गेल्यापासून रोज संध्याकाळी आप्पा मला एकच विचारायचे. "आक्का जेवली का?" इतके दिवस एक शब्द नीट न येणारा माणूस, हे वाक्य मात्र स्पष्ट. मी म्हणायचे, हो, जेवली. मग ते स्वतः दोन घास घ्यायचे. तू जेवल्याचं कळल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. मी काही तुला फोन करत नव्हते. नुसतंच हो म्हणायचे.

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी विचारलं आणि मी सवयीनं हो म्हणाले, तर त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं. "वि... चार," म्हणाले. म्हणून मी बाहेर येऊन तुला फोन लावला. तुला आठवत असेल. मी विचारलं, "आत्या, जेवलीस का?" तू म्हणालीस, "ह्ये काय, आत्ता पानावर बसतीय. का गं?" मी म्हणाले, "सहज." आणि ठेवून दिला.

सहज नव्हतं, आत्या.

आत जाऊन मी आप्पांना सांगितलं, "आक्का पानावर बसलीय." त्यांनी डोळे मिटले. ओठांशी चमचा नेला तर हळूच तोंड फिरवलं. मला वाटलं, आज भूक नसेल. हात धरून बसले. थोड्या वेळानं हाताची पकड सुटली.

तू बॅग भरूनच ठेवली होतीस, असं ताई म्हणाली. तीच घेऊन आलीस, पण घरात शिरलीस तेव्हा ते नव्हते. त्यांना न्यायला उशीर करू नका असं तूच फोनवर सांगितलं होतंस. दहाव्याला इंदिराबाई आणि ऋषिराज आले, तुम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून होता. काय बोललात ते मी विचारणार नाही. त्या निघाल्या तेव्हा तू त्यांना म्हणालीस, "येते एकदा मुक्कामाला." इंदिराबाईंनी पदर तोंडाला लावला.

आप्पांची खाट मी अजून हलवलेली नाही. त्यावर तुझ्यासाठी धुतलेली चादर घातलीय. ताईला विचारून ये, तिचं मन मोडून येऊ नकोस. पण ये.

आणि तोवर वेळेवर जेवत जा. रात्री फोन करून मी विचारणार आहे. या वेळी खरंच विचारणार.

राजी